तोंड बांधलेली टाकी

बाबांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधाने अनीशच्या कानफटात मारली.

तिने आजवर कुणावर हात उगारला नव्हता. कॉलेजात इतिहास शिकवताना मागच्या बाकांवरची पोरं टेबलं वाजवायला लागली, तर ती बोलायची थांबून नुसती बघत राहायची आणि टेबलं आपोआप गप्प व्हायची. त्यामुळे मारताना हाताला किती जोर द्यायचा असतो, हेही तिला ठाऊक नव्हतं. अनीशचा चष्मा उडून टाकीखाली गेला. तिच्या बोटातल्या अंगठीने त्याचा खालचा ओठ फाटला आणि त्याच्या पांढऱ्या रबरी बुटांवर रक्त टपकलं.

"हात लावायचा नाही त्या टाकीला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच अनीश जास्त घाबरला.

"ताई, मी फक्त एवढंच म्हटलं की तीन नंबरमधली बिअर वापरावी लागेल."

"ऐकलं मी."

"सरांचा अपमान करायचा असता तर तुम्हाला विचारलंच नसतं."

ते खरं होतं. अनीश मूळचा नाशिकचा, बिअर बनवायचं रीतसर शिक्षण घेऊन इंदूरला आलेला, आणि तीन वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलेला. बाबांना अग्नी दिला तेव्हा तोच तिच्या शेजारी उभा होता. हे सगळं तिला कळत होतं. हाताचा तळवा झिणझिणत होता, आणि तो तसा झिणझिणावा असं तिला वाटत होतं, हेही कळत होतं.

बायपासवरच्या या जागेचं नाव 'पठार'. पुढे बसून प्यायचा हॉल, मागे काचेपलीकडे स्टीलच्या चार उंच टाक्या. दिवाकर दिघे, म्हणजे निशिगंधाचे बाबा, आयुष्यभर एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यात बिअर बनवून निवृत्त झाले होते. तिथे त्यांची लागर, म्हणजे थंडीत सावकाश पिकणारी साधी बिअर, दर काही वर्षांनी आणखी लवकर बाटलीत भरली जायची, कारण थंड टाकीत नुसती पडून राहणारी बिअर हिशेबनिसांच्या डोळ्यांत खुपायची. निवृत्तीनंतर राजेंद्र नगरच्या घरी बसून ते सहा महिन्यांत कंटाळले. मग यशवर्धन जाधव भेटला. बापाच्या जमिनी, स्वतःचा भपका आणि हातात नेहमी फिरणारी गाडीची किल्ली. तो म्हणाला, "काका, तुम्ही बनवा, मी विकतो." बाबांनी एकच अट घातली होती. एक टाकी कायम माझी.

तीच ही तीन नंबरची. तिच्यात जवाचं मॉल्ट, पाणी, हॉप्स आणि यीस्ट यांपलीकडे काही जायचं नाही. बाकीच्या टाक्यांत अनीश जांभूळ घालायचा, पेरू घालायचा, एकदा त्याने सराफ्याच्या खाऊगल्लीतून आणलेल्या गराडूच्या तळलेल्या कंदाचाही प्रयोग केला होता. बाबा हसायचे. "कर बाबा, कर. मसाला घातला की भाजी जुनी आहे का ताजी, कुणाला कळतंय?"

"सर, साध्या बिअरमध्ये चूक लपत नाही हे मान्य," अनीश म्हणायचा. "पण चूक नसणं हीच तिची सगळी हुशारी. लोक पैसे देऊन चूक नसलेली वस्तू पिणार का गंमत असलेली?"

"दहा वेळा प्यायल्यावर काय आठवतं ते बघ."

"दहा वेळा यायला हवेत ना लोक."

ही भांडणं बाबा रोज रात्री जेवताना तिला जशीच्या तशी सांगायचे, अनीशच्या आवाजासकट. आई गेल्यापासून घरात दोघंच. तिला बिअर फारशी आवडत नव्हती, पण यीस्ट, टाकी, गॅस या विषयांवर ती कुणाही शिकाऊ पोराइतकं बोलू शकली असती.

त्यांपैकी एक रात्र तिला वारंवार आठवत होती. अनीश बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेला होता. बाबांनी वरणभात कालवला आणि पहिला घास घेण्याआधीच म्हणाले, "आज तोंड बांधलं तिचं."

तिला लगेच कळलं. यीस्ट काम करत असताना बिअरमधून गॅस सुटतो. टाकीच्या वरच्या नळीतून तो बादलीतल्या पाण्यात बुडबुडत बाहेर जातो. अनीशची पद्धत अशी की सगळा गॅस जाऊ द्यायचा आणि शेवटी सिलिंडरने हवा तेवढा भरायचा. त्यात धोका नाही, वेळही वाचतो. बाबांची पद्धत जुनी. काम संपत आलं, पण संपलं नाही, अशा वेळी नळी बंद करून टाकायची. मग गॅस बिअरमध्येच मुरतो आणि फेस सायीसारखा बसतो. मागच्या वर्षी अनीशने वाद घालून घालून हे बंद पाडलं होतं. बाबांनी मान्य केलं होतं, चारही टाक्यांसाठी.

"त्याला सांगितलं?" तिने विचारलं होतं.

"कशाला? पोरगं उगाच घाबरेल. पिकली की ग्लास हातात देईन आणि विचारीन, यात सिलिंडरचा गॅस कुठाय, दाखव." आणि ते लहान पोरासारखे हसले होते.

त्याच आठवड्यात ते न्हाणीघरात पडले. इस्पितळात पोचेपर्यंतही राहिले नाहीत. अनीश नाशिकहून थेट स्मशानात आला.

*

"निशीताई, हे काय करून राह्यले तुम्ही?" यशवर्धन तिच्यासमोर खुर्ची ओढत म्हणाला. "इथे हात उचलायचं डिपार्टमेंट माझं आहे ना भिया."

हॉल अजून उघडला नव्हता. अनीश बर्फाचा रुमाल ओठाला लावून बसला होता. यशवर्धन विनोद करत होता, पण तो विनोद नव्हता. मागच्याच महिन्यात त्याने एका गिऱ्हाइकाला पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर आपटलं होतं आणि बाबा मधे पडले होते.

"टाकी कशाला हवीय?" निशिगंधाने विचारलं.

"रविवारी बिअरचा मेळा आहे हॉटेलात. दहा ठिकाणचे लोक येऊन राह्यले. मी सगळीकडे टाकलंय, पठार काहीतरी नवीन आणणार. आणि या साहेबांची पेरूवाली बिघडली. आंबट म्हणजे इतकी आंबट की मांजर पळालं वास घेऊन."

"बिघडली नाही, जास्त झाली," अनीश रुमालाआडून म्हणाला.

"तेच ते. आता मेळ्याला पुरेल अशी भरलेली टाकी एकच. काकांची."

"तिचं काय करणार?"

यशवर्धनने अनीशकडे हात केला. अनीशने रुमाल खाली ठेवला आणि मार खाल्लेला माणूस बोलेल त्याहून बऱ्याच उत्साहाने बोलायला लागला. जर्मनीत गोझे नावाची एक बिअर आहे, ताई, मीठ आणि धणे घातलेली. सरांच्या लागरपेक्षाही जुनी परंपरा. मीठ आणि धणे म्हटल्यावर इंदूरच्या माणसाला काय आठवेल? पोह्यांवरचं जिरावण. सरांची बिअर इतकी स्वच्छ असते की तिच्यावर जिरावण नीट दिसेल. दुसऱ्या कुठल्याही बिअरवर ते मळकं लागेल.

"म्हणजे ती चांगली आहे म्हणूनच तिच्यात मसाला घालायचा."

"चांगल्याच पोह्यांवर घालतात ना, ताई?"

त्याने उठून एक छोटा ग्लास भरून आणला. जांभळाची बिअर, त्याची स्वतःची. "आधी ही प्या. मग मला मारा."

तिने घोट घेतला. वाईट निघावी अशी तिची फार इच्छा होती. जिभेवर आधी तुरटपणा आला, मग झाडाखाली पडून फुटलेल्या जांभळाचा वास, आणि शेवटी सगळं एकदम पुसल्यासारखं नाहीसं झालं. तिने दुसरा घोट घेतला. ती चांगली होती. याचा तिला इतका राग आला की ग्लास टेबलावर ठेवताना त्याचा तळ तडकला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण हे जांभूळ तू तुझ्या टाकीत घातलंस."

"हो."

"मग जिरावणही तुझ्याच टाकीत घाल. ती टाकी बाबांनी शेवटची भरलीय. पिकायला अजून पंधरवडा आहे. ती जशी आहे तशी पिकणार आणि जशी होईल तशी लोक पिणार. पाणचट झाली तर पाणचट."

यशवर्धनने टेबलावर थाप मारली. "ठीक आहे. काकांची टाकी तुमची. डन. मेळ्याचं बघतो मी काहीतरी."

अनीशने तिच्याकडे पाहिलं. काही विचारायचं होतं त्याला, कदाचित बाबांनी ती बिअर नेमकी कशी लावली होती तेच. पण ओठ सुजला होता आणि ती आधीच उठली होती.

*

शनिवारी दुपारी अप्पासाहेबांचा फोन आला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, बाबांचे शाळेपासूनचे मित्र. दर शनिवारी जुन्या इंदूरहून रिक्षाने 'पठार'मध्ये यायचे, एकच मगभर लागर प्यायचे आणि दोन तास भांडायचे. बाबा गेल्यावरही ते यायचं थांबले नव्हते.

"निशी, बेटा, तू ये," ते म्हणाले. "तू ये, नाहीतर मी इथे कुणाचा तरी मुडदा पाडतो."

ती पोचली तेव्हा हॉलच्या दारात एक मोठा फलक आडवा पडला होता. त्यावर बाबांचा फोटो होता, तेराव्याला हार घातलेला तोच. खाली लिहिलं होतं: 'काकांची आठवण. पठारची जिरावण गोझे. उद्या मेळ्यात.' फलकाच्या मधोमध छत्रीचं टोक आरपार गेलं होतं.

आत अप्पासाहेब आणि यशवर्धन एकमेकांना धरून उभे होते. दुरून गळाभेट वाटली असती. मग यशवर्धनने म्हाताऱ्याला झटकलं, अप्पासाहेब टेबलावर आपटले, टेबल उलटलं, आणि काचेचा मग फुटल्याचा आवाज झाला. चार-पाच गिऱ्हाइकं भिंतीला चिकटून मोबाइल धरून उभी होती.

"मेलेल्या माणसाच्या फोटोवर मसाला विकतोस, हरामखोर!"

"नाव मोठं करून राह्यलोय मी काकांचं! तुम्ही एक मग घेऊन दोन तास सीट अडवता, तुम्ही मला शिकवणार?"

अप्पासाहेबांनी जमिनीवरून मगाचा तुटलेला कान उचलला आणि त्याच्या पोटरीवर ओढला. यशवर्धन ओरडला आणि त्याने खाली पडलेल्या माणसाच्या बरगडीत बूट घातला. एकदा. दुसऱ्यांदा त्याने पाय मागे घेतला तेव्हा निशिगंधा मधे होती. त्याला थांबता आलं नाही. बूट तिच्या मांडीवर बसला आणि ती अप्पासाहेबांच्या अंगावर कोसळली.

यशवर्धनने पाय मागे ओढला.

"निशीताई, मी तुम्हाला नाही..." यशवर्धन म्हणाला. त्याच्या पोटरीतून रक्त बुटात उतरत होतं.

"तू म्हणालास टाकी माझी."

"ताई, लोकांना शब्द दिलाय मी."

"मलाही दिला होतास."

"काका असते तर हो म्हणाले असते. तुम्ही बिझनेस समजत नाही." त्याने काचेपलीकडे हात केला. "आणि आता भांडून काय फायदा? अनीश मागे जिरावण टाकूनच राह्यला असेल. सकाळी नाही म्हणत होता साहेब. कॉलर धरली, तेव्हा कळलं त्याला, पगार कोण देतं."

अप्पासाहेब तिच्या हाताखाली कण्हत होते. तिने काचेतून पाहिलं. तीन नंबरच्या टाकीला शिडी लावलेली होती आणि अनीश वरच्या पायरीवर उभा होता, खांद्याला बादली लटकवून. त्याने टाकीचं वरचं झाकण उघडून बाजूला ठेवलं होतं.

आणि तेव्हा तिला आठवलं की तिने त्याला मारलं होतं, पण सांगितलं नव्हतं.

*

लंगडत, टेबलांना धडकत ती मागच्या दारातून आत गेली. टाक्यांच्या खोलीत थंडी होती. बादलीतलं जिरावण तिला दारातूनच नाकात झोंबलं. जिरं, सुंठ, आमचूर, काळं मीठ.

"अनीश, थांब! उतर खाली!"

त्याने मान वळवली. ओठावरची जखम काळी पडली होती, आणि आता डाव्या गालावर नवीन लाल वळही होता. "ताई, मला यशवर्धनजींनी सांगितलंय. तुमचं जे काय आहे ते तुम्ही त्यांच्याशी बोला."

"त्यात गॅस आहे! बाबांनी तोंड बांधलं होतं!"

"काय?"

"तू नाशिकला होतास तेव्हा. त्यांनी नळी बंद केली. सगळा गॅस बिअरमध्ये आहे, अनीश! मीठ पडलं की उसळेल!"

तो हसला. थकलेलं, दुखावलेलं हसू. "ताई, थोडं प्रेशर होतं वर, ते मी सोडून दिलं. गेज शून्यावर आहे. बघा ना." त्याने बोटाने तबकडी दाखवली. "सरांनी ते वर्षापूर्वी बंद केलं. मला शब्द दिला होता त्यांनी. बिअर वाचवायची म्हणून आता तुम्ही काहीही सांगाल."

"मी खोटं बोलत नाहीये!"

"तुम्ही मला मारलंत, ताई. खोटं बोलणं त्याहून सोपं आहे."

आणि त्याने बादली उलटी केली.

आधी काहीच झालं नाही. त्याने बादली झटकली, तळाचा मसालाही पाडला. मग टाकीच्या पोटातून आवाज आला, खूप मोठं कापड कुणीतरी एका दमात फाडावं तसा. बिअर वर आली. उकळून उतू जाते तशी नाही. माणसाच्या कमरेएवढा पिवळा खांब सरळ छताला जाऊन आपटला, छतावरची ट्यूबलाइट फुटली, आणि खांब फुटून सगळीकडे कोसळला. अनीश त्याच्या मधोमध होता. त्याचा चेहरा तिला शेवटचा दिसला तो उघड्या डोळ्यांचा होता, आणि त्या डोळ्यांत मीठ, मिरची आणि आमचूर एकदम गेलं. तो ओरडला. ओरडताना तोंडात फेस गेला. शिडीचे पाय फेसावरून सरकले, शिडी तीन आणि चार नंबरच्या मधल्या फटीत आडवी कोसळली आणि तिच्याबरोबर तोही. त्याचं डोकं चार नंबरच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज फेसाच्या सुसकाऱ्यातूनही ऐकू आला.

ती धावली. फरशी बर्फासारखी थंड आणि गुळगुळीत झाली होती. ती दोनदा पडली, दुसऱ्यांदा हनुवटीवर, आणि जीभ दातांत आली.

अनीश फटीत उलटा लटकत होता. एक पाय शिडीच्या पायरीत अडकून अशा कोनात वळला होता, ज्या कोनात पाय वळत नाही. डोकं खाली, तोंड टाकीच्या अंगाकडे. वरून येणारा फेस थेट त्याच्या तोंडावर पडत होता. तो श्वास घ्यायला तोंड उघडत होता आणि दर वेळी फेसच आत जात होता. तिने त्याच्या काखेत हात घालून ओढलं. तो हलला नाही. फक्त पाय आणखी वळला आणि त्याच्या घशातून एक घरघर आली. तिने तळव्याने त्याचं तोंड झाकलं, तर बोटांमधून फेस शिरला. तिचंही नाक आतून चिरल्यासारखं जळायला लागलं. हा गॅस आहे, तिने स्वतःला सांगितलं, इथे हवाच नाही.

वर चढून झाकण लावायला शिडी नव्हती. बिअर थांबवायची तर एकच रस्ता होता, ती खाली सोडायची.

टाकीच्या निमुळत्या बुडाला हाताच्या पंजाएवढा व्हॉल्व्ह होता. त्यावरची टोपी कडीने आवळलेली होती. तिने गटाराच्या जाळीवर पडलेला पाना उचलला आणि कडीवर घातला. एक घाव बोटांवर बसला, नख निघालं. पुढच्या घावाला कडी सुटली, टोपी गोळीसारखी तिच्या खांद्याला लागून भिंतीवर गेली, आणि तिने दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचा दांडा आडवा केला.

बाबांची बिअर बाहेर आली. ती इतक्या जोराने आली की निशिगंधा मागे फेकली गेली आणि तिचं डोकं भिंतीला लागलं. पिवळी धार फरशीवरून गटारात धावत होती आणि जाळीवर फेसाचा ढीग चढत होता. तिने दांडा पुन्हा धरला, तो मिटू नये म्हणून त्यावर सगळं अंग टाकलं.

दार आपटलं. यशवर्धन लंगडत आत आला. त्याला दिसली ती उघडी टाकी, गटारात जाणारी बिअर, आणि दांड्यावर रेललेली निशिगंधा. फेसाआडचा अनीश त्याला दिसला नाही.

"पागल झालीस काय! बंद कर!"

"अनीश आत आहे!"

सुसकाऱ्यात त्याला काही ऐकू गेलं नसावं. तो झेपावला, तिला खांद्याने बाजूला फेकून त्याने दांडा धरला आणि मिटवायला लागला. धार बारीक झाली. वर टाकी पुन्हा गुरगुरली आणि फेसाची नवी लाट फटीत उतरली.

निशिगंधाने पाना दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचं तिला पान्यातून हातात कळलं. तो किंचाळून मागे सरला. ती पुन्हा उगारून उभी राहिली. त्याने पुन्हा हात पुढे केला असता, तर तिने डोक्यात घातला असता. हे तिला त्या क्षणी अगदी शांतपणे माहीत होतं.

"तिकडे बघ," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. फटीतून पांढरा रबरी बूट बाहेर आला होता.

"अरे बाप रे," यशवर्धन म्हणाला.

तिने दांडा परत उघडला. टाकी रिकामी होत गेली तसा वरचा फेस थकला, ओघळ झाला, मग थेंब. मग दोघं फटीत शिरले. एका हाताने यशवर्धन आणि दोन हातांनी ती, अशी त्यांनी शिडी उचलली. पाय सोडवताना अनीश ओरडला, आणि तो ओरडला म्हणजे श्वास आहे, हे ऐकून यशवर्धन रडायला लागला. त्यांनी त्याला ओढत दारापर्यंत नेलं. तिथे त्याने पोटभर बिअर ओकली, आणि मग आणखी.

मागे टाकी टपटपत होती. तिच्यात आता बाहेर यायला काही उरलं नव्हतं.

*

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाईंनी चौघांना ओळीने पाहिलं. अप्पासाहेबांच्या दोन बरगड्या, यशवर्धनचं मनगट आणि पोटरी, निशिगंधाची हनुवटी आणि नख, आणि खाटेवर अनीश.

"आपस में ही लड़े हैं क्या?" त्यांनी विचारलं.

"हो," अप्पासाहेब म्हणाले. "सगळे एकाच घरचे."

बाई मराठी नव्हत्या, पण त्यांना ते समजलं असावं. त्या अनीशकडे वळल्या. त्याचे डोळे तासभर धुतले जात होते. ते वाचतील असं वाटत होतं, पण आठवडाभर पट्टी राहणार होती. पायाचं ऑपरेशन सकाळी.

यशवर्धन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मनगट गळ्यात अडकवलेलं होतं. "हे बघ अनीश," तो म्हणाला, "गेज तू नीट बघायला पाहिजे होतं. मी काय बोललो होतो? नीट बघून..."

"गेज बरोबरच होतं," निशिगंधा म्हणाली. "वरचा गॅस सोडला की गेज शून्य दाखवतं. बिअरमधला गॅस त्याला दिसत नाही. नळी बंद केल्याचं बाबांनी याला सांगितलं नाही. मला सांगितलं. आणि मी याला सांगायच्या ऐवजी मारलं."

"पण ताई..."

"तू बाहेर बस, यशवर्धन."

तो तिच्या हातांकडे बघत बाहेर गेला. हातांत आता काही नव्हतं, तरी बघत गेला.

ती स्टुलावर बसली. डोळ्यांवर पट्टी असलेला माणूस झोपलाय का जागा, हे कळत नाही. शर्टाला, केसांना, नखांच्या कडांना बिअरचा वास येत होता. बाबा घरी यायचे तेव्हा यायचा तोच वास, आणि त्यात सुंठ. धुतल्यावर जाईल तो. मग कधीच कुणाला सांगता येणार नाही की त्या टाकीत काय झालं होतं. पंधरवड्याने ती कशी निघाली असती, सायीसारखा फेस बसला असता का, का बाबांचा हात चुकला होता आणि ते बढाई मारत होते. चांगली होती म्हणायला आता कुणालाच काही आधार नव्हता, आणि वाईट म्हणायलाही.

"ताई?" अनीश म्हणाला. घसा फाटलेला होता.

"आहे मी."

"सरांनी खरंच बांधलं होतं तोंड?"

"हो. तुला चाखवून विचारणार होते, सिलिंडरचा गॅस कुठाय ते दाखव म्हणून."

त्याची छाती हलली. तो हसला का रडला, हे पट्टीमुळे कळलं नाही.

"मला ओळखता आलं नसतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुमच्या तोंडात गेली का?"

"गेली. भरपूर."

"कशी होती?"

तिने खरं सांगायचं ठरवलं. तिला खोटं बोलावंसं वाटत होतं, आणि खोटं त्याला आवडलं असतं. "सगळं एकदमच गेलं, अनीश. माझी जीभही फाटली होती. मसाल्याखाली काय होतं ते कळलं नाही."

"जिरावण लागत होतं?"

"लागत होतं."

"जास्त?"

"फार जास्त. आणि मीठ तर काही विचारू नकोस."

त्याने विचार करून मान हलवली, तशी पलीकडून नर्स ओरडली, "हिलना मत, भिया!"

"अर्धं केलं तर?" त्याने न हलता विचारलं.

निशिगंधाने त्याच्या उशीखालची ओली चादर ओढून सरळ केली आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायला कुणाला बोलवायचं, नाशिकला आईला की बहिणीला, ते विचारलं.